शेवटच्या डब्यातला उजेड

१

रोज दिवेलागणीला सर्वेश परबच्या घरात उलटा प्रकार चालायचा. बिल्डिंगमधले लोक घरोघर दिवे लावायचे आणि सर्वेश एकेक दिवा बंद करत जायचा. आधी स्वयंपाकघरातली ट्यूब, मग हॉलमधला बल्ब, मग बेडरूमचे जाड पडदे. पडद्याच्या फटीतून बोरिवलीचा जेवढा म्हणून उजेड आत घुसेल, तेवढा तो उशा कोंबून अडवायचा. मग आपल्या बायकोचा, अपूर्वाचा, हात धरून तिला खुर्चीत बसवायचा, चहाचा कप तिच्या हातात द्यायचा आणि कंट्रोलरचं बटण हळूच फिरवायचा.

गाडी निघायची.

बेडरूममध्ये पलंग नव्हताच, तो कधीच हॉलमध्ये गेला होता. इथे होतं प्लायवूडचं मोठं टेबल आणि त्यावर अपूर्वाने उभा केलेला मुलूख. एक घाट, दोन बोगदे, ओढ्यावरचा पूल, आणि तिच्या खुर्चीच्या बरोबर समोर एक कौलारू स्टेशन. अपूर्वा गोरेगावच्या एका स्टुडिओत आर्ट डिपार्टमेंटला होती. सिनेमात जे महाल जळतात आणि जे पूल पुरात वाहून जातात, ते ती टेबलावर मावतील एवढे बनवायची. ही गाडी मात्र तिने स्वतःसाठी केली होती. वीतभर लांबीचे निळे डबे, डब्यांत बाकं, बाकांवर नखाएवढी माणसं. प्रत्येक माणूस तिने एका केसाच्या ब्रशने रंगवला होता.

मग डोळ्यांनी दगा दिला. रेटिनाचा आजार, त्याला औषध नाही. नजर कडेकडेने मिटत येणार, डॉक्टर म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं दिसेल आणि नळी बारीक होत जाईल. भर उजेडात तिला आता सगळं पांढरंफटक दिसायचं. पण काळोख्या खोलीत, समोरून जाणारी दिवे लागलेली एवढीशी गाडी त्या नळीत अख्खी मावायची. दिवसभरात तिला धड दिसणारी गोष्ट ही एकच.

त्या संध्याकाळी गाडीने एक फेरी मारली आणि अपूर्वाने विचारलं, "सर्वेश, आज दिवे मंद आहेत का रे?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला माहीत होतं. उत्तर काय द्यायचं ते मात्र त्याने ठरवलं नव्हतं. तो टेबलापाशी गेला, वाकला, डोळे बारीक करून डब्यांच्या खिडक्यांकडे बघत राहिला. आणि एकदम मोठ्याने हसला.

"अगं, खरंच मंद आहेत! बल्बच मंद आहेत!"

"उगाच सांगू नकोस."

"आईशप्पथ. एकदम फुसके. निखाऱ्यावर राख धरल्यासारखे."

अपूर्वाही हसायला लागली. बिघाड गाडीत होता, तिच्यात नव्हता. सर्वेशने खाली जाऊन गरम कांदाभजी आणली आणि दोघांनी अंधारातच खाल्ली.

२

सर्वेश विमा कंपनीत क्लेम तपासायचा. सोल्डरिंग गन त्याने जन्मात हातात धरली नव्हती. पण गाडीचं पोट कसं असतं ते अपूर्वाने त्याला खुर्चीत बसून समजावलं.

"रुळांत वीज असते. चाकं ती उचलतात. चाकांना घासून पितळेच्या पट्ट्या असतात, त्या बल्बपर्यंत नेतात. म्हणजे मळ धरला असेल तर कुठे धरला असेल? बोल."

"रुळांवर."

"आणि?"

"चाकांवर. आणि पट्ट्यांवर."

"शाब्बास. कान कोरायच्या काड्या आण, आणि स्पिरिट."

रविवारची सगळी सकाळ त्याने काड्या काळ्या करण्यात घालवली. मग मीटर लावून रुळांतली वीज तपासली. ढिल्या पट्ट्या चिमट्याने वाकवून चाकांना भिडवल्या. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि एकेक डबा झळाळून समोर आला.

शेवटचा सोडून.

शेवटच्या डब्यात अजून तोच राखेतला उजेड होता. सर्वेशने तो डबा उचलून स्वयंपाकघरात आणला, छत काढलं, तारा जोडल्या. बल्ब लख्ख पेटला. छत बसवलं. उजेड अर्ध्यावर आला. परत काढलं, लख्ख. परत बसवलं, मंद.

"छताने तार दबत असेल," अपूर्वा म्हणाली.

तार दबत नव्हती. त्याने छताला आतून कागद चिकटवून पाहिला, तार दुसऱ्या कोपऱ्यातून नेऊन पाहिली. बाकं आडवी येत असतील म्हणावं तर बाकं सगळ्याच डब्यांत होती. उलट या डब्यात माणसंच नव्हती. हा डबा बनवेपर्यंत अपूर्वाची नजर इतकी बारीक झाली होती की नखाएवढं माणूस रंगवणं तिच्याने होईना. सबंध गाडीत हाच एक डबा रिकामा होता. त्यात उजेडाच्या आड यायला काहीच नव्हतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बल्ब जुने झालेत. सगळ्यांत एलईडीच घालू या."

अपूर्वा म्हणाली, "घालणारच आहेस तर एक करशील? गाडी स्टेशनात थांबली ना, की दिवे जातात. वीज बंद तर दिवे बंद. मला एकदा तरी स्टेशनात उभी असलेली गाडी बघायचीय. दिवे लागलेली. नुसती उभी. धावते तेव्हा नीट बघून होत नाही रे, नळीतून निसटते."

३

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने त्याला सगळं समजावून दिलं. एलईडीची पट्टी छताला आतून चिकटवायची. सोबत कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज पोटात साठवून ठेवणारी चिमुकली डबी. रुळांतली वीज गेली तरी दिवे काही वेळ तगतात. घरी आल्यावर सर्वेशची बोटं भाजली, एक पट्टी उलटी जोडून जळाली, पण आठवडा संपेपर्यंत सगळे डबे तयार झाले. उजेड फार पांढरा वाटत होता म्हणून अपूर्वाच्या सांगण्यावरून त्याने एलईडीवर पिवळ्या रंगाचा हात दिला.

संध्याकाळी उशा खिडकीला लागल्या. गाडी बोगद्यातून निघाली, पुलावरून वळली, स्टेशनात आली. सर्वेशने बटण मागे फिरवलं.

गाडी थांबली. दिवे तसेच राहिले.

काळोखात ते चिमुकलं स्टेशन उजळून निघालं. फलाटावर खिडक्यांचे चौकोन पडले. अपूर्वाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, पुसायला हात वर केला तर नळीपुढे येईल म्हणून.

"झकास रे," ती म्हणाली. "काय केलंस रे तू."

गेलं वर्षभर सर्वेश या बाईसाठी काही म्हणजे काही करू शकला नव्हता. फायली घेऊन दवाखाने हिंडला, देवळांत गेला, रात्री गच्चीवर जाऊन रडला. आज त्याने तिला काहीतरी दाखवलं होतं.

"आणि शेवटच्या डब्यात कोणाला बसवलंस?" अपूर्वाने विचारलं.

"कोणाला?"

"ती बाई रे. मला सरप्राइज का?"

सर्वेशने शेवटच्या डब्याकडे पाहिलं. नवी पट्टी, नवी जोडणी, आणि तरी त्यात उजेड मंदच होता. खिडक्यांच्या आत काळपट काहीतरी साचल्यासारखं दिसत होतं.

"मी कोणाला नाही बसवलं, अपू."

४

डॉक्टरांनी एकदा बजावलं होतं. नजर जाऊ लागली की मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. नसलेली माणसं दिसतात, फुलं दिसतात. घाबरायचं नाही, वेड लागलं असं समजायचं नाही. सर्वेशने ते घट्ट धरून ठेवलं.

पण उजेडाचं काय? त्याने शेवटच्या डब्यातली पट्टी काढून पहिल्या डब्यात लावली, पहिल्यातली शेवटच्यात. पहिला डबा लख्ख. शेवटचा मंद. म्हणजे पट्टी चांगली होती. मीटरवर वीज पुरेपूर येत होती. डबा उघडला की झळाळायचा आणि मिटला की विझू विझू व्हायचा. आणि एक गोष्ट त्याने अपूर्वाला सांगितली नाही. त्या डब्याच्या एका खिडकीच्या प्लास्टिकवर धुकं धरलं होतं. त्याने बोटाने पुसलं, गेलं नाही. ते आतल्या बाजूने होतं. फेविक्विकची वाफ असणार, तो स्वतःला म्हणाला. फेविक्विकने प्लास्टिक असं धुरकटतं. पण दुसऱ्या दिवशी तिथलं धुकं गेलं होतं आणि शेजारच्या खिडकीवर धरलं होतं.

शनिवारी दुपारी गंधाली आली. अपूर्वाची स्टुडिओतली मैत्रीण, बारा गावचं पाणी प्यालेली, तोंडाची फाटकी आणि मनाची मऊ. दोघींनी मिळून किती सेट उभे केले असतील त्याला गणती नाही. सर्वेशने पडदे ओढून तिला गाडी दाखवली. गंधाली टेबलावर वाकून प्रत्येक डब्याला वा वा करत शेवटापर्यंत गेली.

"ए, ही कधी केलीस?" ती म्हणाली. "कसली भारी आहे! वेणी बघ हिची, एकेक पेड मोजून घ्यावा. फक्त पाठमोरी का बसवलीस गं? तोंड रंगवायचा कंटाळा केलास ना?"

अपूर्वाने चाचपडत सर्वेशचा हात शोधला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"हो," ती हळूच म्हणाली. "कंटाळा केला."

गंधाली गेल्यावर सर्वेशने डबा उघडला. बाकं रिकामी. टॉर्च मारून, आरसा आत घालून बघितलं. धूळसुद्धा नव्हती. मग त्याने डबा हातावर तोलला, आणि शेजारचा, माणसांनी भरलेला डबा दुसऱ्या हातावर. रिकामा डबा जड होता.

"गंधालीला दिसली," अपूर्वा खुर्चीतून म्हणाली. "म्हणजे माझे डोळे नाहीत, सर्वेश. ह्या वेळेलाही माझे डोळे नाहीत."

बल्बच मंद आहेत हे पहिल्यांदा ऐकून ती किती हसली होती, ते सर्वेशला आठवलं. आता त्याला असं वाटलं की आज बिघाड डोळ्यांतच असता तर बरं झालं असतं.

५

त्या संध्याकाळी गाडी लावूच नये असं त्याचं मत होतं. अपूर्वाने ऐकलं नाही.

"दिवसभर मी दूध ओतल्यासारख्या पांढऱ्यात बसते. तुझा आवाज येतो, तू दिसत नाहीस. शेवटचा तुझा चेहरा कधी बघितला ते पण मला सांगता येणार नाही. एवढंच दिसतं मला. हे पण काढून घेणार?"

त्याने गाडी लावली. पुलावरून वळली, वेग कमी झाला.

"ती वळली," अपूर्वा म्हणाली. "आता पाठमोरी नाहीये."

"तोंड कसं आहे?"

"उजेड मागून आहे, तोंड काळं दिसतंय. थांब. वेग कमी करू नकोस."

पण गाडी तोवर स्टेशनात शिरून थांबली होती.

"उठली," अपूर्वा कुजबुजली. "गाडी थांबली म्हणून उठली रे ती. दाराकडे चाललीय."

डब्याच्या खिडक्यांतला काळेपणा हलला. हे सर्वेशने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटची खिडकी उजळली आणि तिच्या अलीकडची झाकोळली. मग ती उजळली आणि तिच्या अलीकडची झाकोळली. माणूस डब्यातून दाराकडे जातो, तसं. सगळं एवढंसं, आणि सावकाश.

आजवर गाडी थांबली की दिवे जायचे. अंधारात कुणी उतरत नाही. आता दिवे लागलेले राहत होते, आणि ते त्याने लावले होते, रात्ररात्र बसून, बोटं भाजून घेऊन.

त्याने झडप घालून तो डबा रुळांवरून उचलला.

अपूर्वा किंचाळली.

"दिसत नाहीये! सर्वेश, काहीच दिसत नाहीये! पांढरं पण नाही! काळं झालं सगळं!"

ती खुर्चीतून उठली आणि टेबलाच्या कडेवर आदळली. चहाचा कप फुटला. सर्वेशच्या हातात डबा होता, आणि डब्याच्या आतून आवाज येत होता. नखाने प्लास्टिक खरवडावं तसा, बारीक, घाईघाईचा. कुणीतरी दार चाचपत होतं. अपूर्वा काचांवरून भिंत चाचपत होती आणि डब्यात तसंच चाललं होतं. दोन्ही आवाज एकाच लयीत होते.

त्याने डबा परत रुळांवर ठेवला. चाकं बसेनात. बसली एकदाची. त्याने बटण फिरवलं. गाडी निघाली, खरवडणं थांबलं, आणि अपूर्वा टेबलाला धरून धापा टाकत म्हणाली, "आली. नजर आली. बसली ती परत. चालू ठेव. सर्वेश, तुझ्या पाया पडते, गाडी चालू ठेव."

६

त्यांनी गाडी चालू ठेवली.

उचलावी तर अपूर्वाची उरलीसुरली नजर जात होती. थांबवावी तर डब्यातली ती बाई उतरायला बघत होती. राहता राहिलं फिरवत ठेवणं. सर्वेशने ऑफिसला तब्येतीचं कारण सांगितलं. दोघं आळीपाळीने झोपायची, एकाचा कान सतत चाकांच्या घरघरीवर. धावत्या इंजिनात तो ड्रॉपरने तेल सोडायला शिकला. पडदे आता दिवसभर ओढलेलेच असायचे. दूधवाल्याला, पेपरवाल्याला त्याने दारातूनच वाटेला लावलं.

कुडाळहून आईचा फोन आला. "आवाज असो कित्याक येता रे तुझो? जेवलंस मा?"

"जेवलो गो आई. झोप झाली नाय नीट."

"आणि ती घरघर कसली मागे?"

"पंखा," सर्वेश म्हणाला.

एरवी विचारी माणूस तो. क्लेममधला खोटेपणा वासावरून ओळखणारा. त्याने मनाशी सगळं मांडून पाहिलं होतं. दोन माणसं थकलेली, घाबरलेली, अंधारात बसलेली; एकाला जे वाटतं ते दुसऱ्याला दिसतं. आणि गंधाली? गंधालीची थट्टा करायची सवय. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त ते पटवून घ्यायचं तर एकदा बटण मागे फिरवून दाखवायला हवं होतं, आणि ते त्याच्याने होत नव्हतं.

अपूर्वा खुर्चीत पुढे झुकून बसलेली असायची. तिला आता बाकीचे डबे दिसत नव्हते. पूल नाही, बोगदे नाहीत. काळोखात फिरणारा तो एकच डबा तिच्या नळीत उरला होता.

"झोप थोडी, अपू."

"ती झोपत नाही."

"तिचं सोड. तू झोप."

"ती खिडकीला गाल लावून बसते. दर फेरीला इथून जाताना माझ्याकडे बघते." अपूर्वा थांबली. "मला तिची भीती वाटत नाही रे आता. म्हणजे वाटते. पण दया जास्त येते. कोंडलीय ती. थांबणार म्हणून उठते आणि आपण थांबत नाही."

सर्वेशने तिचे खांदे धरले. "तिला उतरू द्यायचं नाही. ऐकतेयस? काही झालं तरी."

"का?"

त्याला एवढंच कळत होतं की दिवसेंदिवस तो डबा जड होत चाललाय, चढावर इंजिन धापा टाकतंय, आणि अपूर्वाचे हात मात्र हलके लागतायत, कोरड्या पानासारखे.

७

इंजिन जळालं ते दुपारी. आधी वास आला, मग चढावर घरघर चिरकली, आणि गाडी घाटात उभी राहिली.

"उठली!" अपूर्वा ओरडली.

सर्वेशने इंजिन रुळांवरून उपटून फेकलं आणि पहिल्या डब्याच्या पाठीवर बोट ठेवून गाडी हाताने ओढायला लागला. टेबलाभोवती अर्धं फिरायचं, ओणवं होऊन पलीकडे हात लांब करायचा, बोगद्यातून निघालेला डबा पकडायचा, परत ओढायचा. गाडी चालत राहिली की ती बसत होती. दुसऱ्या हाताने त्याने गंधालीला फोन लावला.

"गंधाली, जाहिरातीच्या शूटला वापरलेलं ते इंजिन, गोडाऊनमध्ये आहे ना अजून? घेऊन ये. आत्ता. रिक्षा कर, काहीही कर."

"अरे झालं काय? अपू बरी आहे ना?"

"तू ये फक्त. प्लीज."

गंधाली गोरेगावहून निघाली. हायवेवर कुठेतरी काम काढलं होतं, रिक्षा जागची हलत नव्हती, असा तिचा मेसेज आला. सर्वेश ओढत राहिला. पाठ मोडली, बोटाच्या टोकाला फोड आला, फुटला. घामाने रूळ ओले व्हायला लागले. रुळांत वीज होतीच, दिवे लागलेलेच होते, आणि दर फेरीला शेवटचा डबा त्याच्या तोंडावरून एवढ्या जवळून जात होता की एकदा त्याला दिसलं. प्लास्टिकच्या चिमुकल्या तावदानावर टेकलेलं काहीतरी गोल, मऊ, माणसाच्या कातडीच्या रंगाचं. त्याने डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी ओढत राहिला.

"मी घेते," अपूर्वा म्हणाली. "तू पाणी पी. माझ्या हाताला रस्ता पाठ आहे, मी बनवलाय तो."

तिने डब्यावर हात ठेवला. आणि खरंच, तिचा हात अंधारात अलगद रुळांवरून फिरला, एकदाही न अडखळता. सर्वेश भिंतीला टेकून खाली बसला. पाण्याची बाटली तोंडाला लावली. तेवढाच वेळ.

चाकांचा आवाज थांबला.

त्याने वर बघितलं. गाडी स्टेशनात उभी होती. अपूर्वाचा हात डब्यावर नव्हता, मांडीवर होता.

"अपू! ढकल! ढकल ना!"

"ती दमलीय रे," अपूर्वा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आणि मी पण."

तो उठायला गेला. पाय सुन्न झाले होते. खिडक्या एकेक करून दारापर्यंत झाकोळल्या, आणि मग, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, शेवटचा डबा झळाळला. टोकापासून टोकापर्यंत, सगळ्या डब्यांहून लख्ख. आत काहीही आड येत नव्हतं.

त्या उजेडाचे चौकोन फलाटावरून पुढे येऊन अपूर्वाच्या गाऊनवर पडले होते. सर्वेश त्यांच्याकडे बघत असतानाच डावीकडचा चौकोन विझला. परत लागला. त्याच्या शेजारचा विझला. परत लागला. अपूर्वाच्या आणि गाडीच्या मधून कुणीतरी चाललं होतं, आणि दर चौकोनाला सावली मोठी होत होती. अपूर्वाची मान तिच्याबरोबर वळत गेली, सावकाश, खोलीच्या दारापर्यंत.

"सरक, सर्वेश," ती म्हणाली. "तिला वाट दे."

तो सरकला. का सरकला ते त्याला कधीच सांगता येणार नव्हतं. अपूर्वा खुर्चीतच होती, आणि तरी त्याच्या उघड्या हाताला गाऊनच्या कापडाचा ओझरता स्पर्श झाला.

मग बराच वेळ काही नाही. गाडी उभी होती, डबे लखलखत होते.

"सर्वेश," अपूर्वाने विचारलं, "लाइट गेले का रे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. सबंध डब्याचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि तिच्या बुबुळांत त्याचा ठिपकाही उमटला नव्हता. त्याने तिचे हात हातात घेतले.

तेवढ्यात बेल वाजली. गंधाली पोचली होती.

सर्वेश उठला नाही. उठायची गरजच पडली नाही. बाहेर हॉलमध्ये कडी सरकल्याचा आवाज आला. चाचपडत नाही, सराईतपणे, एका झटक्यात. दार उघडलं.

"अगं बाई!" गंधालीचा आवाज आला, आणि तो आनंदाने फुटत होता. "अपू! एकटी आलीस दारात? अगं, तू... तू बघतेयस माझ्याकडे! तुला दिसतंय! देवा रे, कधीपासून? ये इकडे, ये, घट्ट मिठी मार आधी!"

अंधारात अपूर्वाची बोटं सर्वेशच्या मनगटात रुतली.

"सर्वेश," ती म्हणाली, "गंधाली कोणाशी बोलतेय?"